घटक ६ : देशबंधू चित्तरंजन दास – न्यायालयातून रस्त्यावर

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• चित्तरंजन दास यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• न्यायालयातील वकिली आणि सार्वजनिक प्रतिकार यांचा त्यांच्या आयुष्यातील संबंध स्पष्ट करता येईल.
• चरित्रनायकाची वाक्ये उद्धृत न करता, कृतींच्या आधारे चरित्रलेख कसा उभा राहतो, हे लक्षात येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, 'वकील' हा शब्द आपण रोज ऐकतो. काळा डगला, कागदपत्रांची चळत आणि तारखांचा फेरा एवढेच चित्र त्यामुळे आपल्या डोळ्यांपुढे येते. हा शब्द मूळचा अरबी. दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा, त्याचा प्रतिनिधी, हा त्याचा अर्थ. मराठेशाहीच्या कागदपत्रांत वकील म्हणजे परक्या दरबारी आपल्या धन्याची बाजू मांडणारा मुत्सद्दी. पेशव्यांचा वकील दिल्लीस असे, निजामाचा वकील पुण्यास असे. आज आपण हा शब्द न्यायालयापुरता वापरतो. तरी त्याच्या पोटातला मूळ प्रश्न कायम आहे. हा कोणाच्या वतीने उभा आहे, आणि कोणाच्या दरबारात?

चित्तरंजन दास यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न आपण सतत जवळ ठेवावा. कलकत्त्याच्या उच्च न्यायालयातील एक नामांकित बॅरिस्टर पन्नाशीच्या उंबरठ्यावर भरभराटीची वकिली सोडतो आणि पोलिसांच्या लाठ्या खाणाऱ्या माणसांच्या शेजारी जाऊन उभा राहतो, एवढे या चरित्राचे ढोबळ स्वरूप आहे. त्याग हा शब्द वापरून ही गोष्ट थोडक्यात आटोपता येते, आणि पुष्कळदा ती तशीच सांगितली जाते. या घटकात आपण ती थोडी वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. दासबाबूंनी न्यायालय सोडले. पण वकिली सोडली का?

आणखी एक गोष्ट. या चरित्रलेखात दास यांची भाषणे वा पत्रे उद्धृत केलेली नाहीत. माणूस काय बोलला यापेक्षा त्याने केव्हा काय केले, आणि त्याची किंमत कोणी मोजली, याकडे आपले लक्ष राहावे, हा त्यामागील हेतू आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ घर, शिक्षण आणि कर्ज

चित्तरंजन दास यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८७० रोजी कलकत्ता येथे झाला. घराण्याचे मूळ गाव ढाका जिल्ह्यातील विक्रमपूर परगण्यात, तेलीरबाग येथे. वडील भुवनमोहन दास हे कलकत्ता उच्च न्यायालयात सॉलिसिटर होते. घरावर ब्राह्मो समाजाचा संस्कार होता. चुलते दुर्गामोहन दास हे ब्राह्मो सुधारकांमध्ये अग्रणी गणले जात. कायदा आणि समाजसुधारणा ही दोन्ही या घरातली रोजची बोलणी होती, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ते सनदी सेवेच्या परीक्षेसाठी इंग्लंडला गेले. त्या परीक्षेत त्यांना यश आले नाही. त्याच सुमारास, १८९२ साली, दादाभाई नवरोजी ब्रिटिश पार्लमेंटची निवडणूक लढवीत होते. त्यांच्या प्रचारात या तरुण बंगाली विद्यार्थ्याने भाग घेतला. पुढे बॅरिस्टर होऊन ते मायदेशी परतले आणि कलकत्त्याला वकिली करू लागले.

आरंभीची वर्षे ओढाताणीची होती. भुवनमोहन हाताचे मोकळे. त्यांच्यावर कर्जाचा डोंगर झाला होता आणि अखेरीस पितापुत्रांना नादारी जाहीर करावी लागली. कायद्याच्या दृष्टीने विषय तेथे संपला होता, कारण नादार ठरलेल्या माणसाकडे सावकाराला जुने देणे मागता येत नाही. चित्तरंजन यांचा जम बसल्यावर मात्र, १९१३ साली, त्यांनी ही जुनी देणी फेडली. कायद्याने लागू असलेले देणे आणि न्यायाने लागू असलेले देणे या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे या माणसाने प्रथम स्वतःच्या घरच्या हिशेबात मान्य केले. पुढच्या साऱ्या आयुष्याकडे पाहताना हा प्रसंग विसरू नये.

याच काळात त्यांचे काव्यलेखनही चालू होते. 'मालंच' आणि 'सागर संगीत' हे त्यांचे कवितासंग्रह बंगाली वाचकांना परिचित आहेत. 'नारायण' नावाचे मासिकही त्यांनी काढले.

६.२.२ अलीपूरचा खटला

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे एका गाडीवर बाँब फेकला गेला. न्यायाधीश किंग्जफर्ड यांच्यासाठी असलेला तो बाँब दोन इंग्रज स्त्रियांच्या प्राणावर बेतला. या घटनेचे पडसाद दोन ठिकाणी उमटले. मुंबईत, त्या बाँबच्या निमित्ताने 'केसरी'त लिहिलेल्या लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि जुलै १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. कलकत्त्यात अरविंद घोष, त्यांचे धाकटे बंधू बारींद्र आणि इतर अनेक तरुण यांना पकडून अलीपूरच्या न्यायालयात उभे करण्यात आले. टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली. अरविंदांची बाजू पुढे चित्तरंजन दास यांच्याकडे आली.

बचावासाठी जमवलेला पैसा संपत आला होता. समोर सरकारतर्फे अर्डली नॉर्टन यांच्यासारखा कसलेला बॅरिस्टर होता. साक्षीदार दोनशेहून अधिक होते, कागदपत्रे हजारोंनी होती. दासांनी इतर कामे बाजूला ठेवली, मोबदल्याचा विचार मागे टाकला आणि कित्येक महिने या एका खटल्याला वाहून घेतले.

या खटल्याचे मर्म पुराव्यात होते. माफीचा साक्षीदार झालेल्या नरेन गोसाईंची तुरुंगातच हत्या झाली होती. त्याची उलटतपासणी झालेली नसल्यामुळे त्याची आधीची जबानी अरविंदांविरुद्ध वापरता येईना. राहिला पोलिसांनी झडतीत सापडल्याचे सांगितलेला पुरावा. त्यात एक पत्र होते. 'मिठाई' या शब्दाआड बाँबचा उल्लेख आहे, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. हे पत्र बनावट असल्याचा दासांचा प्रतिवाद होता, आणि न्यायाधीशांनाही त्यावर विसंबणे सुरक्षित वाटले नाही. ६ मे १९०९ रोजी निकाल लागला. अरविंद निर्दोष सुटले. निकाल देणारे न्यायाधीश बीचक्रॉफ्ट हे केंब्रिजला अरविंदांचे समकालीन होते. बारींद्र आणि उल्लासकर दत्त यांना फाशी ठोठावली गेली. उच्च न्यायालयातील अपिलात ती जन्मठेपेच्या काळ्या पाण्यावर आली. तेथेही दासच उभे होते.

आता या विजयाचा अर्थ नीट पाहू. पोलिसांनी समोर ठेवलेली वस्तू हा आपोआप पुरावा होत नाही. ती कोणी पाहिली, केव्हा पाहिली, कोणाच्या हाती होती, हे विचारल्यावर जे उरते तो पुरावा. हे विचारण्याची जागा म्हणजे न्यायालय. सरकार परके असले तरी ती जागा उघडी आहे, हा विश्वास या टप्प्यापर्यंत दासांच्या वकिलीचा पाया होता. दहा वर्षांनी पंजाबात त्या पायालाच तडा गेला.

६.२.३ पंजाब : न्यायालयाबाहेर घेतलेल्या साक्षी

मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आला. संशयावरून माणसाला अटकेत ठेवण्याची मुभा त्याने सरकारला दिली. अमृतसरमध्ये डॉ. सत्यपाल आणि डॉ. सैफुद्दीन किचलू यांना १० एप्रिल रोजी शहराबाहेर नेण्यात आले. किचलू हे स्वतः बॅरिस्टर होते. त्यांच्या सुटकेची मागणी करण्यास निघालेल्या जमावावर गोळीबार झाला, त्यानंतर शहरात हिंसाचार उसळला आणि काही युरोपीय मारले गेले. १३ एप्रिल रोजी जालियनवाला बागेत जनरल डायरने सुमारे दहा मिनिटे गोळीबार करविला. १,६५० फैरी झाडल्या गेल्या. सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसे ठार झाली. लोकांच्या मते हा आकडा फारच कमी होता.

त्यानंतर लष्करी कायदा लागू झाला. ज्या गल्लीत मिस शेरवूड या इंग्रज बाईंवर हल्ला झाला होता, त्या गल्लीतून जाणाऱ्या हिंदी माणसाने पोटावर सरपटत जावे, असा हुकूम निघाला. उघड्यावर फटके मारले गेले. लाहोरच्या विद्यार्थ्यांना हजेरीसाठी दिवसातून अनेकदा उन्हात मैलोन्‌मैल पायपीट करावी लागली. अमृतसरच्या वकिलांना विशेष शिपाई म्हणून राबवण्यात आले. बाहेरच्या वकिलांना पंजाबात येऊन आरोपींचा बचाव करण्यास मज्जाव झाला. अलीपूरला जो प्रश्न विचारता आला होता, तो विचारणाऱ्यालाच येथे दारात अडवले होते.

सरकारने चौकशीसाठी हंटर समिती नेमली. तुरुंगातील पंजाबी नेत्यांना चौकशीपुरते बाहेर येऊ देण्याची मागणी नाकारली गेली, तेव्हा काँग्रेसने त्या समितीवर बहिष्कार टाकला आणि स्वतःची चौकशी समिती नेमली. या समितीचे काम गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि मुकुंद रामराव जयकर या चौघांनी पाहिले. चौघेही बॅरिस्टर. तय्यबजी तर बडोदा संस्थानच्या उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. यांपैकी जयकर हे आपल्याला परिचित असलेले नाव आहे. पुढे ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, आणि त्या विद्यापीठातील ग्रंथालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

या चार वकिलांनी काय केले? त्यांना समन्स काढण्याचा अधिकार नव्हता. शपथ देण्याचा नव्हता. शिक्षा करण्याचा तर नव्हताच. त्यांनी गावोगाव, गल्लोगल्ली जाऊन १,७०० हून अधिक माणसांच्या जबान्या तपासल्या आणि त्यांपैकी सुमारे ६५० निवडून प्रसिद्ध केल्या. ज्या जबानीविषयी शंका आली ती बाजूला ठेवली. जमावाने केलेल्या हत्या आणि जाळपोळही अहवालात झाकली नाही. त्यांचाही निषेध केला. अहवाल मार्च १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. या कामासाठी दासांनी आपली वकिली बाजूला ठेवून महिनोन्‌महिने पंजाबात मुक्काम केला.

साक्षी म्हणजे साक्षात पाहणारा. ज्याने पाहिले, त्याचे म्हणणे कोणीतरी नोंदवून घेतले पाहिजे. तसे झाले नाही तर पाहणे असूनही साक्ष उरत नाही. सरपटत गेलेला माणूस घरी जाऊन दार लावून घेतो. तो कोणाला सांगणार? पंजाबात या वकिलांनी न्यायालयाची शिस्त न्यायालयाच्या इमारतीबाहेर आणली. दासांच्या आयुष्याला येथून वळण लागले असे आपण म्हणू शकतो.

६.२.४ नागपूर : एका निर्णयाची जागा

वळण लागले, पण निर्णय लगेच झाला नाही. सप्टेंबर १९२० मध्ये कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात गांधीजींनी असहकाराचा ठराव मांडला. सरकारी न्यायालयांवर बहिष्कार हा त्याचा एक भाग होता. दासांनी या कार्यक्रमाला विरोध केला. डिसेंबरमध्ये नागपूरला अधिवेशन भरायचे होते. तेथे हा निर्णय फिरवण्याच्या तयारीने ते बंगालमधून प्रतिनिधींचा मोठा ताफा घेऊन आले.

नागपूरचे ते अधिवेशन चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधींचे होते. अध्यक्ष विजयराघवाचारियार हेही वकीलच. दास आणि गांधीजी यांच्यात तेथे दीर्घ चर्चा झाल्या, आणि विरोध करण्यास आलेल्या दासांनीच असहकाराचा मुख्य ठराव मांडला. लाला लजपतराय यांनी त्याला अनुमोदन दिले. कलकत्त्यास परतल्यावर दासांनी वकिली सोडली. त्या काळी देशातील सर्वाधिक प्राप्ती असणाऱ्या वकिलांत त्यांची गणना होत असे. लोकांनी त्यांना 'देशबंधू' म्हणावयास सुरुवात केली.

हा बदल एका रात्रीत झालेला चमत्कार मानण्याचे कारण नाही. पंजाबात घेतलेल्या जबान्या त्यांच्या मनात होत्याच. ज्या न्यायव्यवस्थेत बळीला वकील मिळत नाही आणि गोळीबाराचा हुकूम देणाऱ्यावर खटला उभा राहत नाही, त्या व्यवस्थेला आपल्या रोजच्या हजेरीने प्रतिष्ठा द्यावी का, असा प्रश्न होता. तरी एक शंका आपण नोंदवून ठेवू. चांगले वकील न्यायालयातून निघून गेले, तर आत उभ्या असलेल्या गरीब आरोपीचे काय? असहकाराच्या चळवळीत हजारो सामान्य स्वयंसेवकांनी बचाव न करता शिक्षा भोगल्या. त्यांच्या निष्ठेविषयी आदर बाळगूनही हा प्रश्न विचारता येतो. दासांनी तो टाळला नाही. आपणही तीच शिक्षा पत्करून त्यांनी त्याला उत्तर दिले. ते उत्तर पुरेसे होते का, याचा विचार आपण करावा.

६.२.५ चांदपूर : रेल्वे स्थानकातील रात्र

मे १९२१ मध्ये सिल्हेटकडील चरगोला खोऱ्यातील चहामळ्यांचे मजूर तुटपुंज्या मजुरीला आणि मळ्यावरील जाचाला कंटाळून कुटुंबांसह मळे सोडून निघाले. त्यांना आपापल्या मुलखात परतायचे होते. वाटेत चांदपूर येथे, जेथे रेल्वे संपून आगबोट सुरू होते, ते अडकून पडले. २० मेच्या रात्री स्थानकात झोपलेल्या या माणसांवर गुरखा शिपाई सोडण्यात आले. बायकामुलेही त्या मारातून सुटली नाहीत. पाठोपाठ त्यांच्या तळावर पटकीची साथ आली.

या प्रकाराने पूर्व बंगाल पेटून उठला. ठिकठिकाणी हरताळ झाले. चांदपूर आणि चितगाव येथील वकील आपली कामे सोडून बाहेर आले. आसाम-बंगाल रेल्वेचे कामगार संपावर गेले. आगबोटींवरील कामगारही त्यांना मिळाले. संपाचे नेतृत्व चितगावचे तरुण बॅरिस्टर यतींद्रमोहन सेनगुप्त यांनी केले. दास चांदपूरला जावयास निघाले, तेव्हा आगबोटी बंद होत्या. त्यांनी साध्या होडीतून, वादळी हवेत, पद्मेचे विशाल पात्र ओलांडले.

येथे वकील उभा आहे तो ज्यांना न्यायालयाची पायरीही ठाऊक नाही अशा माणसांच्या बाजूने. त्यांच्यातील कोणी फिर्याद देणार नव्हते. दिली असती तर ती कोणाविरुद्ध द्यायची हेही त्यांना कळले नसते. अशा वेळी रस्त्यावरील हरताळ हीच त्यांची फिर्याद झाली.

पण चरित्रलेखकाने जमेबरोबर खर्चही मांडला पाहिजे. हा संप पुढे मोडला. संपात उतरलेल्या अनेक रेल्वे कामगारांच्या नोकऱ्या गेल्या आणि त्यांच्या घरांचे हाल झाले. कामगारांना अशा सहानुभूतीच्या संपात ओढणे गांधीजींनाही पसंत नव्हते. पुढाऱ्यांनी तुरुंग पत्करला तर त्यांची कीर्ती वाढते. कामगाराची नोकरी गेली तर त्याची चूल विझते. लोकांबरोबर रस्त्यावर उतरणाऱ्या प्रत्येक वकिलाने ही विषमता ध्यानात ठेवावी, असा चांदपूरचा धडा आहे.

६.२.६ डिसेंबर १९२१ : घरातील माणसे

१७ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडचे युवराज मुंबईला उतरले. त्या दिवशी कलकत्त्यात कडकडीत हरताळ पाळला गेला. सरकारने लगोलग काँग्रेस आणि खिलाफत स्वयंसेवकांच्या संघटना बेकायदा ठरवल्या. सभा आणि मिरवणुकांवर बंदी आली. रस्त्यात खादी विकणे हादेखील अटकेचा विषय झाला.

स्वयंसेवक पाठवायचे होते; मार आणि तुरुंग ठरलेला होता. दासांनी पहिल्यांदा घराकडे पाहिले. ६ डिसेंबर रोजी त्यांचा मुलगा चिररंजन खादी विकावयास गेला आणि पकडला गेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी वासंतीदेवी आणि बहीण ऊर्मिलादेवी गेल्या. प्रतिष्ठित घरच्या स्त्रियांना पोलिसांनी रस्त्यावरून धरून नेले, ही वार्ता शहरभर पसरली आणि लोक लोटले. त्या रात्रीच त्यांना सोडून देण्यात आले. पण पुढील दिवसांत स्वयंसेवकांची रीघ लागली आणि कलकत्त्याचे तुरुंग अपुरे पडू लागले. १० डिसेंबर रोजी दासांना अटक झाली. त्या वर्षीच्या अहमदाबाद काँग्रेसचे ते निर्वाचित अध्यक्ष होते. ते तुरुंगात असल्याने हकीम अजमलखान यांनी ती जागा सांभाळली.

ज्या कायद्याची कलमे त्यांनी आयुष्यभर इतरांसाठी चाळली, त्याच कायद्याखाली ते आता आरोपी म्हणून उभे होते. त्यांना सहा महिन्यांची कैद झाली. अलीपूरच्या तुरुंगात तरुण सुभाषचंद्र बोस त्यांच्यासोबत होते, आणि आपल्या या गुरूची शुश्रूषा करीत असत. ज्या अलीपूरला त्यांनी तेरा वर्षांपूर्वी इतरांना सोडवले होते, त्याच अलीपूरला ते स्वतः बंदी झाले.

६.२.७ 'कायदा आणि सुव्यवस्था' या शब्दांची उलटतपासणी

१९२२ च्या अखेरीस गया येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. दास अध्यक्ष होते. त्यांच्या अध्यक्षीय भाषणातील एक भाग भाषेच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचा वाटावा. तेथे त्यांनी 'कायदा आणि सुव्यवस्था' या जोडशब्दाची चिकित्सा केली. इंग्लंडच्याच इतिहासातून, स्टुअर्ट राजांच्या काळापासून, त्यांनी दाखवून दिले की दडपशाही करणाऱ्या प्रत्येक सत्तेने याच शब्दांचा आश्रय घेतला आहे. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा की, कायदा माणसांसाठी असतो. माणसे कायद्यासाठी नसतात.

ही उलटतपासणीच होती. फरक इतकाच की पिंजऱ्यात या वेळी एक शब्दप्रयोग उभा होता. आजही वर्तमानपत्रांत हा जोडशब्द आपण वाचतो. 'कायदा व सुव्यवस्था राखण्यासाठी सौम्य लाठीमार' असे वाक्य आपल्या डोळ्यांखालून गेले असेल. या वाक्यात कर्ता कोठे आहे? मार कोणी दिला, कोणी खाल्ला, आणि तो सौम्य होता हे कोणी ठरवले? भाषेच्या विद्यार्थ्याने हे प्रश्न विचारावयास शिकले पाहिजे.

१ जानेवारी १९२३ रोजी दास आणि मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष काढला. विधिमंडळात शिरून सरकारला अडवावे, हे या पक्षाचे धोरण होते. महाराष्ट्रातून न. चिं. केळकर आणि जयकर त्यात आले. सोडून दिलेल्या दाराशी दास पुन्हा आले, असे वरकरणी वाटेल. त्यांच्या मते मात्र बहिष्कार हे साधन होते, व्रत नव्हे. जेथे उभे राहून सत्तेला जाब विचारता येईल, तेथे उभे राहावे, हा त्यामागील विचार.

१९२४ साली ते कलकत्त्याचे पहिले महापौर झाले. सुभाषबाबू महापालिकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारने वटहुकूम काढून चौकशीविना स्थानबद्ध करण्याचा अधिकार घेतला आणि सुभाषबाबूंसह अनेकांना पकडले. त्या वटहुकुमाचे विधेयक जानेवारी १९२५ मध्ये बंगालच्या विधिमंडळापुढे आले. दास गंभीर आजारी होते. त्यांना अंथरुणावरून उचलून सभागृहात आणण्यात आले. विधेयक फेटाळले गेले. गव्हर्नरांनी आपल्या खास अधिकारात ते पुढे अमलात आणले, हे खरे. पण लोकांच्या प्रतिनिधींची संमती त्याला नाही, ही नोंद कायमची झाली.

६.३ समारोप

१६ जून १९२५ रोजी दार्जिलिंग येथे देशबंधूंचे निधन झाले. वय ५४ वर्षांचे होते. कलकत्त्यातील त्यांच्या अंत्ययात्रेला अलोट लोक लोटले. गांधीजी त्या यात्रेत होते. राहते घर त्यांनी आधीच लोकांच्या कामासाठी देऊन टाकले होते. तेथे स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेसाठी चित्तरंजन सेवासदन उभे राहिले.

आता आपण आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. दासांनी वकिली सोडली का? अलीपूरला त्यांनी पोलिसांचा पुरावा तपासला. पंजाबात ज्यांना कोणी विचारले नाही त्यांच्या साक्षी नोंदवल्या. चांदपूरला ज्यांना फिर्याद देता येत नव्हती त्यांच्यासाठी नदी ओलांडली. गयेला सत्तेच्या आवडत्या शब्दांची उलटतपासणी केली. विधिमंडळात मरणाच्या दारी असताना आपले मत नोंदवले. पक्षकार बदलत गेले, दरबार बदलत गेले. कोणाच्या तरी वतीने उभे राहून सत्तेला पुरावा मागण्याचे काम बदलले नाही.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी काही जण कचेरीत काम करीत असतील, काही पोलीस दलात, काही न्यायालयातही असतील. दासांच्या चरित्रातून तयार उत्तर हाती येत नाही. त्यांच्या संपाने कामगारांची हानीही झाली, त्यांच्या बहिष्काराने न्यायालयातील काही आरोपी एकाकीही पडले. मात्र समान न्याय ही इमारतीत आपोआप वास करणारी वस्तू नव्हे, आणि मार खाल्लेल्या माणसाचे म्हणणे कोणीतरी नीट लिहून घ्यावे लागते, एवढे हे चरित्र आपल्याला निश्चित सांगते.

६.४ स्वाध्याय

१. कायद्याचे देणे आणि न्यायाचे देणे यांतील फरक दासांच्या घरच्या कर्जाच्या प्रसंगावरून स्पष्ट करा.
२. अलीपूरचा खटला आणि पंजाबची चौकशी यांतील वकिलाच्या कामाची तुलना करा.
३. चांदपूरच्या प्रसंगात रस्त्यावरील प्रतिकाराची किंमत कोणी मोजली? आपले मत सकारण लिहा.
४. 'कायदा आणि सुव्यवस्था' हा शब्दप्रयोग असलेल्या वर्तमानपत्रातील पाच वाक्यांचा संग्रह करा. प्रत्येक वाक्यात कर्ता व्यक्त आहे की अध्याहृत, ते सांगा आणि त्यामुळे अर्थात पडणारा फरक लिहा.
५. आपल्या परिसरातील, आज हयात नसलेल्या एखाद्या वकिलाचा वा कार्यकर्त्याचा चरित्रलेख सुमारे ५०० शब्दांत लिहा. त्यात कोणतेही अवतरण वापरू नका.